चर्चच्या वहीची जबानी

मी चर्चमधली बाप्तिस्म्यांची वही बोलतेय. दचकलात? दचका खुशाल. आजवर ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते माझ्या तोंडी घातलं आणि मी आपली गप्प. आता नाही गप्प बसायची. ऐकायचं असेल तर बसा, नसेल तर दार उघडंच आहे.

जन्म माझा लांबच्या थंड देशातला. तिथल्या कारखान्यात माझी पानं कापली, शिवली, वर कातडं चढवलं आणि पानापानावर रकाने आखले. नाव, बाप, आई, तारीख. संपलं! ज्यानं ते आखले त्यानं न्यूझीलंडच्याही पलीकडचं आमचं बेट बापजन्मी पाहिलेलं नव्हतं. माणूस म्हणजे एवढाच, असं त्याला वाटलं असावं. सुकं खोबरं न्यायला येणाऱ्या जहाजातून मी इकडे आले. येताना पेटीत समुद्राचं पाणी शिरलं, त्याचे डाग अजून अंगावर आहेत. मला त्यांची लाज वाटत नाही.

चुन्यानं पांढऱ्या केलेल्या चर्चच्या मागे ओरोमेतुआचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं घर आहे. तिथल्या लाकडी पेटीत मला ठेवलं. रविवारची प्रार्थना आटोपली की पेटी उघडायची. नारळाच्या कोवळ्या पातींच्या टोप्या घातलेल्या बायका बाळं घेऊन यायच्या. नाव कुणी ठेवायचं यावरून पायरीवरच जुंपायची. जिंकायच्या आज्याच. आईबापांना कोण विचारतो? आजीनं नाव सांगायचं, ओरोमेतुआंनी लिहायचं आणि मी ते पोटात घालायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

आता एक रीत सांगते, कारण पुढची सगळी भानगड तिच्यावरूनच झाली. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं नाव माणूस जन्मभर वागवेलच असं नाही. घरात कुणी गेलं की मागे उरलेल्यांपैकी एखादा त्या मरणावरून नवं नाव घेतो. मग अख्खा गाव त्याला त्याच नावानं हाक मारतो. मेलेलं माणूस रोज हाकेत राहतं. कुणाला हे चमत्कारिक वाटत असेल, तर वाटो. दुःख विसरायची घाई आम्हाला नाही.

माझ्या एका पानावर मातारा आणि तेरापु ही भावंडं एकाखाली एक आहेत. तेरापुनं बाप्तिस्म्याच्या वेळी अशी लाथ झाडली की दौतच कलंडली. तो डाग म्हणजे तिची सहीच म्हणा ना. पुढे त्यांचा बाप मासेमारीला गेला आणि पोवळ्याच्या खडकावर होडी फुटून बुडाला. त्या खडकांच्या रांगेला आम्ही आकाउ म्हणतो. माताराचं नाव त्या दिवसापासून आकाउ झालं. मग आई आजारी पडली. तिला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्यायला जहाजावर चढवलं, पण किनारा दिसायच्या आधीच ती गेली. तेरापु तिच्या उशाशी होती. परत आली ती तेपाई होऊन. तेपाई म्हणजे जहाज.

हे माझ्यात कुठे लिहिलंय? कुठेच नाही! मागच्या पानांत तिचं लग्न आहे, पण तिथे ती तेपाई आहे, आणि त्या पानांवर नवरानवरीच्या नावांपलीकडे रकानाच नाही. तो दोष माझा नाही. शोक लिहायला मला जागाच दिली नव्हती.

मग नव्या वह्या आल्या आणि माझी पत संपली. एका ओरोमेतुआंच्या बायकोनं मला लंगड्या कपाटाखाली टेकू म्हणून सारलं. हो, मला! साऱ्या गावाच्या नावांवर कपाट उभं राहिलं. कसर लागली, झुरळांनी कातडं कुरतडलं. वादळात छप्पर उडालं तेव्हा भिजून लगदा व्हायची बाकी होते. पण नावं पुसली गेली नाहीत. इतक्या सहजासहजी मरायला मी काय कॅलेंडर आहे?

वादळानंतर मला पुन्हा किंमत आली ती परदेशी गेलेल्यांच्या नातवंडांमुळे. न्यूझीलंडहून यायची, पणजीचं नाव शोधायची, त्यावरून बोट फिरवायची आणि हमसाहमशी रडायची. मला ती आवडायची. तौराकीही मला आवडला होता, खोटं कशाला बोलू? आकाउचा तो नातू, ऑकलंडमध्ये वाढलेला, गोड बोलणारा. तेपाईच्या मुलीकडे, अकाइतीकडे उतरला होता. ती नात्यानं त्याची आत्या. तिनं त्याला नारळाच्या दुधातली कच्ची मासळी खाऊ घातली, तारोचे कंद उकडून घातले, आणि एक दिवस माझ्यापाशी घेऊन आली.

"आत्या, माझ्या आजोबांचं नावच नाही हो यात," पानं उलटून उलटून तो रडकुंडीला आला.

अकाइती खो खो हसली. "अरे वेड्या, आकाउ तो नंतर झाला. लहानपणी मातारा होता. हा बघ. आणि ही खाली माझी आई. शाई सांडलीय ना, ती तिचीच करणी."

तौराकीनं माझ्यावर कपाळ टेकलं. मग फोन काढला आणि पानापानाचे फोटो घेतले. मला वाटलं, पोराला घराण्याची ओढ आहे.

ओढ होती, पण अकाइतीचं घर असलेल्या खाजणाकाठच्या जमिनीची. पुढल्या वर्षी आला तो पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधायचा बेत घेऊन. सोबत भलामोठा वंशवृक्ष, छापून आणलेला. त्यात मातारापासून त्याच्यापर्यंत रेघ होती. तेरापुपुढे लिहिलं होतं, 'लहानपणीच वारली, वंश नाही.' कारण? तेरापुचं लग्न वहीत नाही, मरण वहीत नाही. आणि तेपाई? तिचा बाप्तिस्मा वहीत नाही, म्हणजे ती कुणीतरी उपरी. जमीन सगळी माताराच्या वंशाची, अकाइतीनं घर खाली करावं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

अकाइतीच्या अंगणात तिच्या आईची कबर आहे. आमच्याकडे माणसाला घरापुढेच पुरतात, लांब एकटं टाकत नाहीत. वर पत्र्याचं छप्पर, कडेला शंख. अकाइती संध्याकाळी तिथेच बसून तारो सोलते आणि आईला गावच्या बातम्या सांगते. त्याच अंगणात दोघांचं बोलणं झालं. शेजारणीनं ऐकलं आणि सूर्य मावळायच्या आत आमच्या घरी पोचवलं.

"आत्या, मनाला लावून घेऊ नका. पण कागद तो कागद."

"आणि ही दारात कोण झोपलीय रे?"

"कबर हलवता येते, आत्या. सगळा खर्च मी करतो."

अकाइतीच्या हातात कोयता होता. तिनं तो खाली ठेवला. "चालता हो," ती म्हणाली. "कोर्टात बोलू."

जमिनीच्या कोर्टाच्या न्यायाधीशबाई मोठ्या बेटावरून विमानानं आल्या. चर्चच्या सभागृहात टेबल मांडलं. गाव झाडून सगळा हजर. मला धुतल्या कापडावर ठेवलं. मी मनात म्हटलं, वा, एवढा मान! मग तौराकी उठला आणि मला कळलं की आपल्याला कशासाठी आणलंय. अकाइतीला तिच्या आईच्या कबरीपासून उठवायला मी साक्षीदार!

"बाई, ही वही कुणाची मिंधी नाही," तौराकी म्हणाला. "माणसं विसरतात, सोयीचं बोलतात. वही बोलत नाही. जे आहे ते आहे, नाही ते नाही. आणि तेपाई हे नावच बघा. जहाज! कुठल्या तरी जहाजावरून उतरलेली पोर, दुसरं काय?"

सभागृहात चुळबुळ झाली. मला वाटलं, आत्ता माझी बांधणी तुटेल.

न्यायाधीशबाईंनी ओरोमेतुआंना विचारलं, "तेरापु आणि तेपाई एकच, असं वहीत कुठे लिहिलंय?"

आमचे आताचे ओरोमेतुआ तरणे, दुसऱ्या बेटावरचे, भिडस्त. त्यांनी पानं उलटली, घाम पुसला. "नाही, बाई. वहीत नाही."

तौराकी बसला, पायावर पाय टाकून. अकाइतीच्या लेकीला दिवस भरत आले होते, ती आईचा हात धरून मुसमुसू लागली. अकाइतीनं हात सोडवून घेतला आणि उभी राहिली.

"ओरोमेतुआ, माझं नाव वाचा त्यातलं."

ते शोधत राहिले. "काकू, अकाइती नाहीय यात."

"नसणारच. त्यात मी पोको आहे. बाप गेल्यावर अकाइती झाले. बाई, मग मी कोण? मीही नाहीच का? ही तुमच्यापुढे उभी आहे ती कोण?"

मागून तेई आजीचा आवाज आला. गावातली सर्वांत म्हातारी बाई ती, आणि तोंडानं सर्वांत तिखट. "माझंही शोधा हो! तेई शोधा. सापडायची नाही. म्हणजे मी मेलेच लहानपणी. मग एवढी वर्षं जेवत होतं ते कोण? भूत?"

लोक हसले. मग गावाची जुनी गाणी सांगणारा एक म्हातारा उठला. "मलाही मेल्यातच धरा!" त्याच्या मागून त्याची बायको, मग आणखी एक, मग बाक सरकवत सगळेच. जो तो ओरडून आपलं नाव सांगत होता आणि बिचारे ओरोमेतुआ "नाही, नाही" करत होते. ज्या माझ्या जिवावर तौराकी उड्या मारत होता, तिच्या हिशेबानं त्या सभागृहात एक जिवंत माणूस नव्हतं!

सगळा गलका थांबल्यावर अकाइती तौराकीकडे वळली. आवाज चढला नाही तिचा.

"आता तुझ्या आजोबाचं नाव शोध. आकाउ. थडग्यावर आहे तेच. काढ."

तौराकीनं पायावरचा पाय खाली घेतला.

"नाही ना? मातारा म्हणजेच आकाउ, हे तुला कुणी सांगितलं? या वहीनं?"

"तुम्ही सांगितलं, आत्या," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. बाईंना ऐकू येत नाही."

"आत्यानं सांगितलं."

"म्हणजे भावाचं बोलली तर हिची जीभ खरी, आणि बहिणीचं बोलली तर खोटी?" तेई आजी कडाडली. "नाकानं कांदे सोलतोय मेला! तुझ्या आजोबाच्या लग्नात तेपाई करवली होती, त्याला भाऊ म्हणून रडली होती. मी तिथे होते. घाला शपथ मला!"

न्यायाधीशबाईंनी खरंच शपथ घातली. तिला, गाणाऱ्या म्हाताऱ्याला, आणि ज्यांनी तेपाईला जहाजावरून आईचं प्रेत घेऊन उतरताना पाहिलं होतं त्या सगळ्यांना. माझ्यावर नाही हं, बायबलवर. मला तिळभर वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. शेवटी बाईंनी मला मिटलं आणि म्हणाल्या, "वहीत आहे ते मी मानते. वहीत नाही त्यावरून कुणाला मेलेलं मानणार नाही." घर, तारोचं शेत आणि कबर अकाइतीकडे राहिली. तिथे खोल्या बांधायला तिची परवानगी लागेल असंही सांगितलं. ती मिळायची नाही, हे सांगायची गरज पडली नाही.

तौराकी दोन दिवसांनी निरोप घ्यायला गेला. अकाइतीनं त्याला जेवू घातलं, कारण उपाशी पाठवायची आमच्यात पद्धत नाही. जेवण झाल्यावर हातात झाडू दिला. "आत्येआजीच्या कबरीवर पानं पडलीत. झाडून जा." त्यानं झाडली. तिनं माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तरी केलेलं नाही.

महिन्याभरात अकाइतीच्या लेकीला मुलगी झाली. रविवारी बाळाला चर्चमध्ये आणलं. ओरोमेतुआंनी नवी वही उघडली.

"ती नको. जुनी आणा," अकाइती म्हणाली.

"काकू, तिचं काम संपलंय."

"शेवटच्या पानावर जागा आहे. मी बघून ठेवलीय. आणा म्हणते ना!"

मला आणलं. कित्येक वर्षांत कुणी माझ्यावर लेखणी टेकवली नव्हती. ओरोमेतुआंनी विचारलं, "नाव?"

नाव ठेवायचा मान आजीचा. अकाइतीनं बाळाला वर उचललं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कारे इ ते पुका."

आमच्या भाषेत त्याचा अर्थ, 'वहीत नाही.'

लेखणी थांबली. "काकू, अहो, हे मी वहीत कसं लिहू?"

"जसं सांगतेय तसं. शब्दन् शब्द."

तेई आजी हसता हसता डोळे पुसत होती. ओरोमेतुआंनी लिहिलं, ठसठशीत अक्षरात. नाव, बाप, आई, तारीख. पान भरलं आणि मीही भरले. आता पुन्हा पेटीत जाईन, कसर लागेल, एक दिवस माती होईन. माझी तक्रार नाही. पण तोवर कुणीही शहाणा कागद घेऊन या बेटावर येवो. शेवटच्या पानावर, पहिल्याच रकान्यात ती आहे. शाई वाळली आहे. हिंमत असेल तर खोडून दाखवा.