कुलूप नसलेल्या पत्रिकेचे नऊ दिवस

मी एक जुनी शोधपत्रिका आहे. जुनी म्हणजे बारा वर्षांची. आमच्या जातीत एवढ्या वयाला पिकलं पान म्हणतात. मित्रांनो, मला हातात धरायला जाल तर मूठ रिकामीच राहील. मी संगणकाच्या पडद्यावर उमटते आणि तुम्ही मान वळवलीत की विरघळते.

बर्लिनमधल्या एका स्वयंपाकघरात, मसुराच्या सुपाच्या वाफेत माझा जन्म झाला. शहर कुणाचं, भाडं का वाढतं, कालव्याकाठची घरं कुणी विकली, असले प्रश्न पडणाऱ्या पाच जणांनी मला घडवलं. हिला कुलूप लावायचं नाही, जो येईल त्याने वाचावं, हवं ते घेऊन जावं, असं त्यांनी ठरवलं. शिवाय आपल्यात कुणी मुख्य नको, सगळं सगळ्यांच्या संमतीने. एका शीर्षकावर ते तीन बैठका बसलेले मी पाहिले आहेत.

एकेक लेख आला, की माझ्यात एकेक गल्ली वाढे. दूरदेशीचं कुणी वाचायला आलं, की अंगातून अनोळखी पावलं चालल्यासारखी वाटत. लोक वाखाणत. मग पाचांना नोकऱ्या लागल्या, मुलं झाली, बैठका विरळ झाल्या.

इंटरनेटवरचं माझं नाव दरवर्षी पैसे भरून नव्याने नोंदवावं लागतं. एका मार्चमध्ये ते राहून गेलं आणि मी दिसेनाशी झाले.

“नुराय, नाव नोंदवलंस ना?” पाचांपैकी योर्नने विचारलं.

“मी? ते तर तू करणार होतास!”

“बैठकीच्या टिपणात लिहिलंय, ‘सर्वांनी लक्ष ठेवावे.’”

“मग ठेवलं की! सगळ्यांनी मिळून नाव जाताना पाहिलं.”

बारभाईंचा कारभार, दुसरं काय!

तेवढ्यात नुरायला पोलांटबाईंचा फोन आला. चाळीस वर्षं त्या बर्लिनच्या मोआबिट भागातल्या एका घरात भाड्याने राहत होत्या. मालकाला ते पाडायचं होतं. घर कुणी जपलंच नाही, असं तो म्हणत होता. भाडेकरूंनी छप्पर, जिने, घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या स्वतःच्या हातांनी कशा दुरुस्त केल्या, ते फोटो आणि सह्यांसकट नुरायच्या लेखात होतं. तो लेख माझ्यात होता.

“पोरी, तुझी पत्रिका उघडत नाही. गुरुवारी सुनावणी आहे. तिथे काय दाखवू, माझे गुडघे?”

नुरायकडे उरला होता नुसता कच्चा खर्डा. त्यात ना फोटो, ना सह्या.

ते दिवस मी कुठे होते, मला सांगता येत नाही. सगळं धुक्यासारखं होतं. स्वप्नात साबणाचा वास येई, आसपास ओल्या चादरी हलत, आणि कुणीतरी माझ्यावरून हळूच बोट फिरवी.

कुणी तो लेख छापून ठेवलाय का, असं विचारत नुराय दारोदार हिंडली. पोलांटबाईंच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे, एका इमारतीच्या तळघरातल्या धुण्याच्या खोलीत आडोमाइट नावाचे म्हातारबुवा मोजे वाळत घालत होते.

“तो लेख? तो काय, समोरच आहे.”

भिंतीवर मी होते! छापून काढलेली सतरा पानं, ओलीने फुगलेली. समासात पेन्सिलीने तुर्की शब्द, छपराच्या फोटोभोवती लाल गोल.

“आमचाही मालक तसलाच,” आडोमाइट म्हणाले. “यावरूनच दुरुस्त्या करायला शिकलो आम्ही. का हो, विचारून घ्यायला हवा होता का?”

“छे हो!” नुराय म्हणाली आणि डोळे पुसू लागली. “विचारलं असतंत तर आम्ही बैठक घेतली असती.”

गुरुवारी पोलांटबाईंनी ती फुगलेली पानं टेबलावर ठेवली. कारकुनाने वास घेतला, भुवई उंचावली, आणि सगळं वाचलं. घर पाडायची परवानगी मालकाला मिळाली नाही. बाई घरी गेल्या आणि पाय पसरून बसल्या.

नवव्या दिवशी मला नाव परत मिळालं. पुढच्या बैठकीत टिपणातला ‘सर्वांनी’ हा शब्द खोडून नुरायने स्वतःचं नाव लिहिलं. त्याला मात्र कुणाची संमती विचारली नाही.

मित्रांनो, जे सगळ्यांचं असतं त्याच्यावर सगळ्यांचा जीव असतो, पण उठून दिवा लावायला कुणीतरी एक लागतं. तुमच्या गावातही असं काही असेल. वाचनालय असेल, नळ असेल, एखादा बाक असेल. आज त्याच्याकडे एकदा जाऊन या.