फुलवालीचा दात

प्लास्टरचा जबडा खोक्यातून बाहेर काढला आणि कवळीताईने लगेच ओळखलं, हे फुलवालीचं तोंड. पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले. बाकीचं जग माणसं चेहऱ्यावरून ओळखतं, ही दातांवरून. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तिने इतक्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या केल्या होत्या की चर्चमधल्या बायकांनी तिला हेच नाव ठेवलं होतं. पण हे दोन दात तिने दवाखान्यात पाहिले नव्हते. तिच्या नवऱ्याशी बोलताना हसत होते, तेव्हा पाहिले होते. नवरा त्या वेळी अजून तिचा होता.

डॉक्टर दारातून डोकावले. सुळ्यामागची वरची दाढ तुटलीये, टोपी करायची, म्हणाले. उद्या बाईंनाच आत पाठवतो, उजेडात रंग जुळवून घ्या आणि चावून बघायला लावा. कवळीताई बरं म्हणाली. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते कुठल्याच चर्चला जात नसत, त्यामुळे सुखी होते.

फुलवाली म्हणजे वेदीवर फुलं लावणारी. आधी ती फुलं कवळीताई लावायची, बायकांची सभाही तीच घ्यायची. नवरा घर सोडून गेला तेव्हा पाळकसाहेब चर्चच्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या, म्हणाले. आणि जिला घर सांभाळता आलं नाही तिने सभा सांभाळणं बरं दिसत नाही, तेव्हा काही दिवस आराम करा. तो आराम कायमचाच झाला. पुढे कोर्टाचे कागद झाल्यावर त्याच वेदीपुढे नवऱ्याचं फुलवालीशी दुसरं लग्न लागलं. ज्यांच्या आजारपणात हिने रात्री जागवल्या होत्या, त्या बायका गाणी म्हणायला पहिल्या रांगेत होत्या. नवऱ्याने जे केलं ते निदान तोंड लपवून केलं. चर्चने केलं ते गाणी म्हणत केलं.

त्यानंतर ती तिथे गेली नाही. पण बातम्या घरपोच यायच्या, कारण त्याच चर्चला जाणारी मावशी होती. फुलवालीने या रविवारी काय सुंदर फुलं लावली होती, फुलवालीची प्रार्थना ऐकून सगळ्या कशा रडल्या. आपण कुणाला काय सांगतोय याचं मावशीला भानच नसायचं. कवळीताईच्या पोटात दुखायचं. नवरा गेला तो गेला, त्याचं रडून झालं होतं. पण देव फुलवालीचंही ऐकत असणार, कदाचित आपल्यापेक्षा जास्तच, या विचाराने तिचा जळफळाट व्हायचा. नवरा परत मिळत नाही हे कळायला वकील होते. देवाची वाटणी कुणाकडे मागायची?

तिच्याकडे आता हे टेबल तेवढं उरलं होतं. दात तयार झाला की ती तो प्लास्टरच्या जबड्यात बसवायची, वरखालचे जबडे मिटवून बघायची आणि मनातल्या मनात प्रभूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची ओळ म्हणायची. हा ज्याच्या तोंडात जाईल त्याला त्याची भाकर सुखाने चावता येऊ दे, एवढंच मागणं. कुणी शिकवलं नव्हतं. चर्च सुटल्यापासून देवाशी तिचं बोलणं व्हायचं ते इथेच, आणि ते तिला पुरायचं. आता फुलवाली इथेही येऊन बसली.

दाढ तिने केली. जबड्यात निळा कागद धरून मिटवला. जिथे दात जास्त टेकतो तिथे गडद ठिपका उमटतो, तेवढं घासून काढायचं असतं. ठिपका उमटला. केसाएवढी उंची असेल. तेवढ्यानेही प्रत्येक घास त्याच दातावर आदळतो आणि संध्याकाळपर्यंत कानशील ठणकायला लागतं. कवळीताईने ठिपका पुसला आणि दाढ तशीच डबीत ठेवली. भाकरीची ओळ काही ओठांवर आली नाही. तिनेही ती ओढून आणली नाही. वर झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी फुलवाली आत आली आणि दाराशीच थबकली. इथे कोण असतं हे तिला माहीत असावं, कारण दचकली नाही. कवळीताईने खिडकीजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. ती बसली, तिने आ केला, आणि दोघींची बोलायची पंचाईत मिटली.

इतक्या जवळून तिने ही बाई कधी पाहिली नव्हती. सुंदर नव्हती. पापण्या थरथरत होत्या. या तोंडाने ती रोज त्याला जेवायला हाक मारत असेल, आणि याच तोंडाने सभेत बायकांना रडवत असेल. कवळीताईने दाढ बसवली. रंग असा जुळला की तिला स्वतःचाच राग आला.

"चावून बघा," ती म्हणाली.

फुलवालीने दात मिटले. तिचं कपाळ आक्रसलं. तिने पुन्हा चावलं, जरा हळू.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरोबर नाहीये. लागतोय."

"असू द्या, ताई. होईल सवय."

कवळीताईच्या लक्षात आलं. फुलवाली हे मुकाट्याने सोसणार होती. या हातचं काहीतरी दुखणारच असं धरूनच ती आली होती, आणि ते घेऊन रविवारीही ती फुलं लावणार होती. म्हणजे इथेही हीच चांगली. चीड अशी आली की कवळीताईला राहवलं नाही.

"तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता का, सभेत?" तिने विचारलं.

"सभेत नाही. सभेत तुमचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही." फुलवाली मांडीवरच्या हातांकडे बघत होती. "घरी करते. ते झोपल्यावर."

"काय मागता?"

"तुम्ही चर्चमध्ये परत यावं म्हणून. मग भीती वाटते, खरंच आलात तर माझं काय होईल. म्हणून अर्ध्यावरच सोडते."

कवळीताईला हसू आलं, पण ते तिने दाखवलं नाही. देवाच्या वाटणीत ही बाईसुद्धा फसलेलीच होती.

"आ करा," ती म्हणाली. दाढ काढली, टेबलाशी गेली, यंत्र सुरू केलं. घासली, पाहिली, आणखी पुसटशी घासली. मग पुन्हा तिच्या तोंडात बसवून निळा कागद धरला. आता ठिपके सगळीकडे सारखे फिके उठले. ओळ म्हणायला हवी होती. ती सोपी गेली नाही. माफी वगैरे काही मनात नव्हतं, असूया होती तिथेच होती. पण फुलवालीला दात करून द्यायचा आणि आपली ओळ राखून ठेवायची, म्हणजे आपल्याच हाताने देवाकडे जाणारं आपलं दार लावून घेणं. चर्चने एकदा लावलं तेवढं पुरे होतं. तिने ओळ म्हटली, आज मोठ्याने. फुलवालीने तोंडात कागद तसाच धरून डोळे मिटले.

"आता?"

"आता काहीच लागत नाही," फुलवाली म्हणाली. मग चाचरत तिने विचारलं, रविवारी याल का?

"नाही," कवळीताई म्हणाली. "पण दात कुणाच्या हातचा असं कुणी विचारलं तर खरं सांगा. सभेतसुद्धा."

"सांगते."

डॉक्टरांनी पुढच्या खोलीत दाढ पक्की बसवून दिली. कवळीताई हात धुऊन खिडकीशी उभी राहिली. रस्त्यापलीकडे तिचा एकेकाळचा नवरा मोटारसायकलला टेकून उभा होता, केस बरेच पिकलेले. फुलवाली त्याच्याजवळ गेली आणि तिने आ करून दाखवला. तो वाकला. त्याने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. मग काहीतरी विचारलं आणि पुन्हा वाकला. नवा दात कोणता, ते त्याला सापडत नव्हतं.