तोमेकिचीकाकांचा आकडा

माझं डोकं तापटच आहे. नवरा होता तेव्हा म्हणायचा, हिच्या उबवणी केंद्रात पाणी तापवायला बंब लागत नाही. पण तोमेकिचीकाकांवर अठरा वर्षांत मी एकदाही आवाज चढवला नव्हता.

आम्ही सॅल्मनची अंडी उबवतो आणि पिल्लं बोटाएवढी झाली की वसंतात नदीत सोडतो. थोड्याच दिवसांत ती समुद्राला लागतात. तिथलं पाणी पाच अंशांच्या खाली असलं, तर खायला काही मिळत नाही, अंग आखडतं, की संपलं. म्हणून काका, गावातले जुने मच्छीमार, रोज सकाळी होडी घेऊन नदीच्या मुखाबाहेर जायचे, तापमापक पाण्यात सोडायचे आणि माझ्या दारात येऊन आकडा सांगायचे. तो आकडा पुन्हा तपासणं म्हणजे आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाच्या थोबाडीत मारणं. माझ्या आधी केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनीही कधी तपासला नव्हता.

यंदा किनाऱ्यावरचा बर्फ उशिरा हटला. गेल्या शरदात समुद्रातून अंडी घालायला नदीत परतले ते मासेच मूठभर, त्यामुळे पिल्लं अवघी आठ लाख. यांच्यातून चार वर्षांनी मोठे होऊन मासे परत आले नाहीत तर केंद्राला कुलूप, असं मच्छीमार सोसायटीनं तोंडावर सांगितलं होतं. त्यात गावची बालवाडी या वर्षी बंद व्हायची होती. उरलेल्या सात मुलांच्या हातून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पिल्लं सोडायची, असं सोसायटीच्या अध्यक्षांनी परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, तारीख समुद्र ठरवेल. ते नुसते हसले.

रविवारी काका दारात आले आणि म्हणाले, "सहा." माझा जीव भांड्यात पडला. मुलांनी गाणं म्हटलं, बादल्या ओतल्या, आणि मी टाक्यांची दारं उघडली. सहा लाख गेली. दोन लाख अजून बारकी होती, ती मागं ठेवली.

चौथ्या दिवशी मुखापाशी गेले तर उथळ पाण्यात पिल्लांचा खच. कुरव पक्षी खाऊन खाऊन सुस्तावले होते. मी शेजाऱ्याची होडी काढली, तापमापक सोडला. साडेतीन.

काका अंगणात जाळं शिवत होते. रविवारी खरं किती होतं, मी विचारलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

"तीन."

"मग सहा का सांगितलंत?"

"अध्यक्ष घरी आले होते. पोरं आठवडाभर गाणं बसवत होती गं." मग म्हणाले, "किकुए, तीन वर्षं झाली, मासे येतायत कुठं? सहाला सोडली असती तरी काय आली असती? पोरांना तरी एक दिवस मिळाला."

"ते तुम्ही कोण ठरवणार? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी गाव डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही केसानं गळा कापलात माझा."

त्यांनी जमिनीला कपाळ टेकवून माफी मागितली. मला ते बघवलं नाही, आणि माफही करवलं नाही.

पुढं ते रोज येत राहिले. चार, साडेचार, पाच. मी मान वर न करता लिहून घ्यायचे. दोन आठवड्यांनी म्हणाले, "सात." आता दोन लाखही तयार होती. मी वही मिटली, बूट चढवले आणि त्यांच्यासमोरून धक्क्यावर गेले.

मुखाबाहेर तापमापक दोनदा सोडला. दोन्ही वेळा सातच.

परत आले तेव्हा दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही काका आकडा सांगायला आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. दोन लाख पिल्लं मी एकटीनंच सोडली.