खुनाच्या आधीची पानं

"आत्या, तुझा सगळ्यात फेवरेट मर्डर कुठला गं?"

विचारून राजसीने ऐटीत मागे पाहिलं. दारात तिच्या मैत्रिणी कीर्ती आणि प्रीती एकमेकींना चिमटे काढत होत्या. "तुझी हिंमतच नाही विचारायची," असं कुळगावच्या नाक्यापासून चिडवत आल्या होत्या दोघी. पण राजसी सध्या हवेत होती. शाळेच्या कथावाचन स्पर्धेसाठी तिची रहस्यकथा निवडली गेली होती. पहिल्याच ओळीत मुंडकं नसलेलं प्रेत! अशा लेखिकेला कसली भीती?

मग तिला सम्यकदादा आठवला आणि तिने जीभ चावली.

संध्याआत्याचा एकुलता एक. राजसी बालवाडीत असताना तो कामावर गेला, तो वांगणीजवळच्या शेतातच सापडला. कुणी मारलं, का मारलं, कधी कळलंच नाही. राजसीच्या घरात त्याचं नावसुद्धा निघत नसे.

आत्या मात्र हसली. अंबरनाथच्या बिस्किट कंपनीत दिवसभर पॅकिंगला उभं राहून सुजलेले पाय तिने पलंगावर घेतले. "कपाटात बघ. हवं ते ने."

कपाट रहस्यकथांनी गच्च भरलं होतं. उल्हासनगरला कॅम्प दोनमधला रद्दीवाला हितेश तिला 'मर्डरवाली दीदी' म्हणायचा, माल आला की तिच्यासाठी बाजूला काढायचा. राजसीने एक पुस्तक उघडलं. सुरुवातीच्याच पानांत खुणेला बिस्किटाच्या पुड्याचा कागद. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यातही.

"एकही पूर्ण नाही वाचलंस? खुनी कोण, तेच माहीत नाही तुला?"

"नाही."

"मग लव्हस्टोरी वाचायची ना, आत्या," प्रीती खिदळली.

"त्यात पोराकडे एवढं नीट कोण बघतं गं? इथे तो मरणार असतो ना, म्हणून लिहिणारा सगळं टिपून ठेवतो. कुठला शर्ट घातला, चहात साखर कमी म्हणून कसा कुरकुरला. पुढे एकदा पडला की नुसतं प्रेत, प्रेत. पोलिसपण तसंच म्हणायचे. मी आधीच थांबते. माझ्या कपाटात कुणी मेलेलं नाही." आत्याने साडीचा काठ उगाच सारखा केला. "सम्यकचा शर्ट आठवतो मला. काय खाऊन गेला, ते काही केल्या आठवत नाही."

प्रीती दारातून आत येऊन पलंगाशी बसली.

"तुझ्या गोष्टीतल्या त्या बिनमुंडक्याचं नाव काय गं?" आत्याने राजसीला विचारलं.

राजसीने नाव ठेवलंच नव्हतं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, बाबा, शनिवारी मी ती गोष्ट वाचणार नाही. नवीन लिहितेय. सम्यक नावाचा मुलगा सकाळी उठतो. कांदेपोहे खातो. लिंबू नाही म्हणून आईशी भांडतो. पुन्हा मागून घेतो."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"निवडलेली गोष्ट बदललीस, तर बाई तुझं नाव काढून टाकतील," आई म्हणाली.

"काढू देत."

"आणि खून?" बाबांनी खाली बघतच विचारलं.

"पाचच मिनिटं देतात, बाबा. तिथपर्यंत मी पोचणारच नाहीये."