सूर्याच्या गालावरची तीट

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माहेर माझे नागपूर, सासर सौसर. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी वीस वर्षे माझ्यातून चंद्र पाहिला. पुढे त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी मला सौसरच्या विनोद सरांच्या हवाली केले. एसटीने आले मी, सरांच्या मांडीवर बसून. एवढे लाड नव्या नवरीचेही होत नाहीत.

सरांना छंद एकच. माझ्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या नळीला, मोबाइल टेकवायचा आणि फोटो काढायचे. दिवसा सूर्याचेसुद्धा. त्यासाठी माझ्या तोंडावर खास काळी पन्नी बांधावी लागते. ती नसेल तर सूर्य पाहणाऱ्याचा डोळा कायमचा जातो. म्हणून सरांच्या बायकोचा, डिंपलताईंचा, जीव टांगणीला असे.

"पन्नी लावली ना वो?"

"लावली."

"नीट पाहा. चंचल मधात मधात येऊन राहिली."

चंचल त्यांची दोन वर्षांची लेक. नावाला जागणारी. ताई तिला एका हाताने धरत आणि दुसऱ्या हाताने पन्नी चाचपून पाहत, दर वेळी तीनदा.

एके दिवशी शेजारच्या वच्छलाबाई आपल्या गच्चीवर पापड वाळवायला आल्या. मला पाहून त्यांनी गालावर हात ठेवला. "बाप्पा! केवढा डोळा हाय वो हा! साऱ्या सौसरात असा नसन!"

त्या खाली उतरल्या आणि तासाभरात माझ्या स्टँडचा पाय घसरला. ताईंनी मला वरच्यावर झेलले, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. ताई पांढुर्ण्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या. पण पदवी होती कपाटात आणि चंचलच्या काजळाची डबी होती हाताशी. सर शाळेत गेल्यावर ताईंनी माझा आयपीस काढला आणि करंगळीने त्याच्या आतल्या काचेवर एक तीट लावली. बारीकशी.

मी ओरडणार तरी कशी?

दुसऱ्या दिवशी सर फोटो काढता काढता नाचायलाच लागले. "डिंपल, सूर्यावर डाग! आपली पृथ्वी दहादा मावन त्यात!" तिसऱ्या दिवशी डाग सूर्याच्या गालावरून कपाळावर गेला, कारण सरांनी सूर्य जरा खाली धरला होता. "सरकून राहिला! खरा सौरडाग हाय!"

ताईंनी डोळा लावून पाहिले आणि जीभ चावली. स्वतःची तीट कोणती आई ओळखणार नाही? सर जेवायला बसल्यावर त्या पदराचे टोक घेऊन हळूच माझ्याजवळ आल्या, तोच आतून आवाज आला, "हात नोको लावू तिले! डाग हरवन!"

रविवारी सकाळी सरांचा सातवीचा वर्ग गच्चीवर जमला. लांबच लांब रांग लागली. पन्नीची तपासणी त्या दिवशी सात वेळा झाली. रूपाली नावाची मुलगी डोळा लावून उभी राहिली ती हलेचना.

"सर, सूर्य सरकून राहिला."

"सरकनच. पृथ्वी फिरते."

"पण सर, डाग तिथंच हाय. आता तर सूर्याच्या भाईर आला!"

पोरे फिदीफिदी हसली. सरांनी पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले. "भंगार निघाली दुर्बीण! उद्याच नागपूरले वापस देऊन येतो."

माझा जीव नळीत आला. चंचलने माझ्या पायाला मिठी मारली. ताईंनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"अवो, तिचा दोष नाई," त्या भर वर्गासमोर म्हणाल्या. "मीनं तीट लावली होती."

"कोणाले?"

"तिले. नजर लागली होती."

"बी.एस्सी. ना तू?"

"म्हणूनच तर आतून लावली! भाईरून लावली असती तर तुमाले दिसली नसती का?"

वच्छलाबाई आपल्या गच्चीवरून कान देऊन होत्या. त्या एवढ्या हसल्या की त्यांचे पापड वाळवायचे राहिले. मग सरांनाही हसू फुटले आणि आयपीस काढून त्यांनी खिशातल्या मऊ फडक्याने आतली काच पुसली.

रूपालीने पुन्हा डोळा लावला. "सर, एक बारका ठिपका राह्यलाच पुसाचा."

सरांनी पुन्हा पुसले. ठिपका तिथेच. तिसऱ्यांदा पुसले. तेव्हा रूपाली हळूच म्हणाली, "सर... सूर्य सरकला की हा बी सरकते."

सर माझ्यावर वाकले आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत. तो डाग खरा होता.

"त्याच्या मायनं लावला असन," डिंपलताई पुटपुटल्या. या वेळी कोणी हसले नाही.

मित्रांनो, माझ्या काचेला बोट लावू नका, पदराने तर पुसूच नका आणि पन्नीवाचून मला सूर्याकडे कधीच वळवू नका. तीट लावायचीच असेल तर स्टँडच्या पायाला लावा. माझ्या पायाला आहे. सरांना वाटते, तो गंज आहे.