यादीतलं सातवं नाव

आकाराम तात्याच्या माडीला गिलावा चाललावता. मी परांचीवर हुतो, तवर खालनं आमची शिवानी आली. आठवीतली माझी पोरगी, काखंत वही. दोन हजार तीन सालची गोष्ट. त्या वर्षी शाळंत पोरांची बालपंचायत काढलीवती. कोल्हापुरातनं एक बाई येऊन सांगून गेलत्या की, गावातलं कुठलं मूल शाळंत येत न्हाय अन् का येत न्हाय, हे पोरांनीच घरोघर इचारून लिवायचं, मग ग्रामसभेत वाचायचं. शिवानी त्या पंचायतीची सचिव.

सोप्यात तात्याच्या घरी कामाला ठेवलेली चन्नम्मा त्याच्या नातवाला कडंवर घेऊन उभी हुती. अकरा-बारा वर्साची. तीन महिनं रोज तीच मला पाणी आणून देत हुती, पर ही पोर शाळंत का जात न्हाय, हे माझ्या डोक्यात कधी आलंच न्हवतं.

शिवानीनं तिला गाव इचारलं. संकेश्वराकडची एक वाडी तिनं सांगितली.

"घरात कोण हाय?"

"अज्जी."

"शाळंत जायाचं हाय तुला?"

पोरीनं आधी आत बघितलं. मग हळूच म्हणाली, "तिसरीपत्तूर गेलतो. कन्नड शाळा. बेरीज येतंय मला."

मी वरनं म्हटलं, "शिवानी, हितलं नाव लिवू नगं. तात्या शाळा कमिटीचा अध्यक्ष हाय."

"म्हणून तर लिवाय पायजे की, आबा."

तिनं लिवलं. मी भिताडाकडं तोंड करून थापी चालवत ऱ्हायलो.

ग्रामसभा देवळात भरली. सहा नावं वाचली तवर लोक कौतुकानं माना हलवत हुती. सातवं वाचलं अन् समद्यांनी खाली बघितलं. तात्या चिडला न्हाय. उठून शिवानीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलंस, बाळ. उद्याच तिला तिच्या गावाला पोचवतो. शाळा तिकडंबी हाय की."

टाळ्या पडल्या. पोरगी घरला येताना नाचतच आली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर पाणी द्यायला तात्याची सून आली. चन्नम्मा पहाटंच्या गाडीनं गेली म्हणाली. बाकीची सहा पोरं शाळंत बसाय लागली. महिन्यानं वरनं सायब आलं. गावात एकबी मूल शाळंभायेर न्हाय म्हणून तात्याला शाल घातली. फोटोत शिवानीला मधी उभं केलं.

पर शिवानी रोज टपालवाल्याची वाट बघायची. तिनं चन्नम्माला दोन कार्डं धाडलीवती, एकाचंबी उत्तर न्हाय. मास्तरांना इचारलं तर ते म्हणालं, "ती आता आपल्या यादीत नाही, शिवानी." तात्याला इचारायचं माझ्याच्यानं झालं न्हाय. माडीचं काम अजून निम्मं ऱ्हायलंवतं.

शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "आबा, मला तिच्या गावाला न्या."

दोन गाड्या बदलून गेलो. वाडीच्या कडंला एका खोपटापुढं म्हातारी शेंगा फोडत बसलीवती. खोपटाच्या वळचणीला आमची दोन्ही कार्डं खोचलेली. वाचून दाखवाय कुणी न्हवतं.

तात्याच्या गावचं म्हटल्यावर म्हातारीचं तोंड उजळलं. "बसा, पावणं, बसा." लगबगीनं आत गेली अन् हिरवं झंपर घेऊन आली. ते शिवानीच्या खांद्याला लावून बघाय लागली.

"आमची चन्नम्मा हिच्यावढी झाली असंल न्हवं?"

शिवानीनं इचारलं, "अज्जी, ती... ती हिकडं आली न्हाय?"

"हिकडं कशाला येईल? तुमच्याकडंच हाय की," म्हातारी म्हणाली, अन् बाहीची शिवण किती उसवता येईल ते बघत बसली.