कुवेतला पाठवायचा फोटो

फोटो काढणं सोपं, बायकांची भीती काढणं अवघड, आणि ते अवघड काम आमच्या स्टुडिओत माझ्याकडे. चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात पासपोर्टचे आणि मुलगी दाखवायचे फोटो माझे यजमानच काढतात. पण नवरा आखातात गेलेल्या बायका केस मोकळे सोडून, पदर न घेता ‘तसला’ फोटो काढायला येऊ लागल्या, तेव्हा मी ह्यांना पडद्याबाहेर काउंटरवर बसवलं आणि कॅमेऱ्याचा खटका दाबायला स्वतः शिकले. परपुरुषासमोर कुठली बाई सैल बसेल?

पद्मा आली ती घामाने भिजून. चाकणकडच्या खेड्यातली, लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली. नवरा प्रभाकर कुवेतमध्ये फिटर. लग्नाच्या वर्षातच गेला, तो अजून फिरकला नव्हता. मित्राबरोबर त्यानं एक गुलाबी झिरझिरीत गाऊन धाडला होता आणि तो घालून फोटो पाठव, असा निरोप दिला होता. सासूला दवाखान्याचं सांगून ती आली होती.

“ताई, फोटू कुनी बगंल का वो?”

“बघेल की. तुझा नवरा. त्याच्यासाठीच तर हा सगळा थाट!”

ती हसली नाही. “न्हाई पाठवला तर ते येनारच न्हाईत. तिकडं लई बाया असत्यात म्हनं.”

खरी भीती ही होती. मला त्या प्रभाकरचा असा राग आला, पण रागानं धंदा होत नाही. मी तिला चहा पाजला, तिचे केस स्वतः विंचरले, माहेरच्या म्हशीपासून सासूच्या तोंडापर्यंत सगळं तिच्याकडून वदवून घेतलं. ती गाऊन घालून आली, तेव्हा मी माझी नेहमीची युक्ती केली. कॅमेऱ्यात रोल न घालताच खटके दाबायचे, आणि तसं आधी सांगून टाकायचं. “हे नुसते लुटुपुटूचे. हवं तर वेडावून दाखव मला.”

तिनं खरंच जीभ काढून दाखवली. मग हसत सुटली, खांदे सैल झाले. इतकी देखणी दिसत होती की मलाच हेवा वाटला. मी रोल भरला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “श्यामराव, माझे पासपोर्टचे झाले का?”

पद्मा पांढरीफटक पडली. “भावजी,” ती नुसत्या ओठांनी म्हणाली. तिचा धाकटा दीर, ज्योतीराम. तो पिंपरीला कंपनीत शिफ्टवर असेल, अशी तिची खात्री होती. त्याच्यात आणि आमच्यात फक्त एक कापडी पडदा. मी त्याची कड मुठीत घट्ट धरली.

“ह्या चपला कुनाच्या?”

आमच्याकडे चपला पडद्याबाहेर काढूनच आत यायचं. आतली सतरंजी फोटोत दिसते ना!

“आमच्या हिच्या,” हे म्हणाले.

“आमच्या वैनीच्या बी अशाच हायेत.” पद्मानं तोंडावर हात दाबला होता. मग तो हसला. “मी बी निघालो बरं का कुवेतला. दादाच्याच खोलीत सोय झालीया. पाच-सहा जनं ऱ्हात्यात. समद्यांनी आपापल्या बायकांचे फोटू भिंतीला लावल्यात म्हनं, पार शिनेमावानी! दादाचीच जागा रिकामी हाय. लई चिडिवत्यात त्याला.”

फोटो घेऊन तो गेला. पद्मा खाली सतरंजीवर बसली.

“भिंतीला?” ती म्हणाली. “भावजी तितंच जेवनार, तितंच निजनार.”

नवऱ्याशिवाय कुणी बघणार नाही, असं मीच तिला सांगितलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

ती उठली, आत जाऊन पातळ नेसून आली. डोक्यावरून पदर घेतला आणि खुर्चीत ताठ बसली.

“काढा आता.”

“अगं, असला फोटो बघून तो रागावेल. भीती नाही वाटत?”

“लई वाटतीया,” ती म्हणाली. “पर रागवायचं तर घरी यावं लागंल की त्यास्नी.”